ऑरिनच्या बागेतले कॅमेरे

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर रोज सकाळी नवऱ्याकडे टक लावून बघत बसणारी बाई त्या डोंगरात लेनोर एकटीच असेल. आणि तेही हौसेनं नाही, सरकारी नियमानं.

बकऱ्यांचा जुना गोठा झाडूनपुसून त्याचं ऑफिस केलं होतं. तिथे टेबलावर एक मोठा पडदा होता आणि त्याच्यावर लहान लहान चौकोन. एकात फाटक, एकात झाडांच्या रांगा, एकात वाळवणाची खोली, एकात वजनकाटा, एकात तर नुसता कचऱ्याचा ढीग. गांजाची एक काडीसुद्धा कॅमेऱ्याच्या नजरेआड हलता कामा नये, असा कायदा. फेकायचा पालापाचोळासुद्धा कॅमेऱ्यासमोर मातीत कालवून मगच फेकायचा. सगळं चित्रण तीन महिने कुलपातल्या पेटीत जपायचं आणि तपासनीस मागेल तेव्हा काढून दाखवायचं. एखाद्या कॅमेऱ्यावर कोळ्यानं जाळं विणलं तर ते पुसायलाही लेनोरच जायची. सगळे चौकोन जिवंत आहेत ना, हे कॉफी पिता पिता बघणं तिचं काम. आणि कुठल्या ना कुठल्या चौकोनात ऑरिन असायचाच. झाडांच्या मधून रेंगाळत चाललेला, पानं उलटी करून अळी शोधणारा, झाडांशी काहीतरी पुटपुटणारा.

खरं तर ह्या दोघांचं निम्मं आयुष्य, आपल्या झाडांवर कुणाचा डोळा पडू नये, ह्याच खटाटोपात गेलं होतं. गार्बरव्हिल गावाच्या वरच्या त्या डोंगरांत तेव्हा सगळेच तसे. ऑगस्ट उजाडला की हेलिकॉप्टरं यायची, दोऱ्या सोडून पोलिस उतरायचे, झाडं उपटून जाळायचे आणि माणसं धरून न्यायचे. म्हणून झाडं कुंड्यांत लावायची, मॅद्रोनच्या मोठ्या झाडांच्या सावलीत ठेवायची आणि पंख्यांचा आवाज आला की ओढत रानात दडवायची. शेजाऱ्याचं आडनाव कुणी विचारत नसे. दुकानात कुणी गाडीभर खत आणि मैलभर नळी घेतली तरी दुकानदार फक्त हवापाण्याच्या गप्पा मारायचा. अळीमिळी गुपचिळी हाच तिथला धर्म. दारू पिऊन कुणाच्या कुंपणात गाडी घातली, कुणी कुणाच्या बायकोसोबत पळून गेला, तरी दोन हिवाळ्यांत लोक विसरायचे आणि त्याला पुन्हा जेवणाला बोलवायचे. पण बिल्लेवाल्या माणसासमोर ज्यानं तोंड उघडलं, त्याच्या घरचा घुगऱ्यांचा वाडगासुद्धा नंतर कुणी हातात घेतला नाही.

मग कायदा बदलला, परवाना घेऊन गांजा लावता येऊ लागला. जुन्यातले बरेच जण नाक मुरडून, जमिनी विकून निघून गेले. ह्यांची मुलगी विलो मात्र शहरातली नोकरी सोडून परत आली आणि कागदांच्या मागे लागली. पाण्याचा कागद, रस्त्याचा कागद, माशांच्या ओढ्याचा कागद. कितीतरी खेटे घातल्यावर परवाना मिळाला, तिच्या आणि बापाच्या नावानं. विलोनं जवळचं होतं नव्हतं ते सगळं ह्या बागेत घातलं होतं. परवाना गेला तर तिला परत जायला जागा नव्हती, आणि हे घरात प्रत्येकाला माहीत होतं.

कॅमेऱ्यांचे खांब रोवले त्या दिवशी ऑरिन कमरेवर हात ठेवून बघत उभा होता.

"आयुष्यभर नजरा चुकवल्या," तो म्हणाला, "आणि आता पोरगी पदरचे पैसे मोडून नजरा विकत आणतेय. छान!"

"बाबा, टोपी वर कर," विलो शिडीवरून ओरडली. "तोंड लपवून चालतोस, अगदी चोर दिसतोस."

"चोरच होतो मी. आणि चांगला होतो. विचार तुझ्या आईला."

असा तो माणूस. त्याचं काहीतरी बिनसतंय हे लेनोरला पहिल्यांदा दिसलं ते त्या पडद्यावरच. पाणी घालता घालता तो नळापाशी थांबला आणि थांबूनच राहिला. मग त्यानं नुकतीच भिजवलेली रांग पहिल्यापासून पुन्हा भिजवायला घेतली. एकदा झालं, दोनदा झालं. समोर असता तर ती काहीतरी बोलली असती, चिडवलं असतं. पडद्यावरच्या माणसाला काय चिडवणार? ती नुसती बघत राहायची.

वसंतात एकदा दोघं ट्रकमधून गावाहून येत होते. रोजच्या वळणावर त्यानं गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"रस्ता कुठला ते आठवेना म्हणून थांबलो," तो म्हणाला. "माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं, लेन."

"दमला असशील."

"मला गोड बोलून गुंडाळू नकोस. कुणाला सांगू नकोस, एवढंच. विलोलासुद्धा नाही. लोक माझ्याशी लहान पोराशी बोलल्यासारखं बोलायला लागले तर मी मरेन."

"नाही सांगणार," ती म्हणाली. तिनं आयुष्यात कुणाबद्दल कुणाला काही सांगितलं नव्हतं. डोंगरातल्या बाईचा शब्द होता तो.

ऑगस्टमध्ये पलीकडच्या धारेवर वणवा लागला. आभाळ धुरानं तांबूस झालं, वीज गेली, कॅमेरे बॅटऱ्यांवर चालू राहिले. विलो गावातल्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये स्वयंसेवकांसाठी राबत होती. शेजारच्या म्हातारीच्या बकऱ्या हलवायला लेनोर खाली गेली. जाताना ऑरिन व्हरांड्यात झोपला होता, म्हणून तिनं उठवलं नाही. डोक्यावरून पाण्याच्या बादल्या लटकवलेली हेलिकॉप्टरं सारखी जात होती. ती परत आली तेव्हा तो पायरीवर बसला होता. दंडावर ओरखडे, गुडघे मातीनं माखलेले, आणि चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत न दिसलेलं समाधान.

"एकही सापडणार नाही त्यांना," तो हळूच म्हणाला. "आत ये. वर बघू नकोस."

दुसऱ्या दिवशी तिनं पडद्यावर मागचं चित्रण लावलं. ऑरिन शेवटच्या रांगेतली कुंड्यांतली झाडं एकेक करून मागच्या फाटकातून बाहेर ओढत नेत होता. प्रत्येक झाडाच्या बुंध्याला सरकारी नंबराची पट्टी. त्या पट्टीचं झाड नोंद न करता कुंपणाबाहेर जाणं म्हणजे चोरून विकणं, दुसरा अर्थ कायद्याला माहीत नव्हता. दोन-तीन झाडं बाहेर गेलेली बघितल्यावर लेनोरनं चित्र बंद केलं. पुढचं तिला बघवेना.

ती रानात गेली. मॅन्झनिटाच्या झुडपांत अगदी नीट, वरून फांद्या पसरून, झाडं दडवलेली होती. ऑरिनचं काम पूर्वीइतकंच चोख होतं. तिनं एकटीनं ती सगळी परत आणून रांगेत लावली. दोन मोडली होती, ती कचऱ्यात गेली आणि त्यांच्या पट्ट्या तिच्या स्वयंपाकाच्या एप्रनच्या खिशात. विलोला ती काही बोलली नाही. तीन महिने उलटले की त्या चित्रणावर नवं चित्रण चढणार होतं आणि जुनं आपोआप पुसलं जाणार होतं. तेवढे दिवस काढायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ती मनाला समजावत राहिली.

पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं थोडंच!

ऑक्टोबरच्या अखेरीस, कापणी जवळजवळ उरकलेली असताना, परवाने देणाऱ्या खात्याचा तपासनीस आला. पॅजेट त्याचं नाव. चाळिशीचा, हळू बोलणारा, कमरेला बिल्ला, हातात कागद लावायची फळी. दरवर्षीचीच तपासणी होती. त्यानं कुलपं बघितली, वजनकाटा बघितला, रांगा मोजल्या. विलोनं सगळं आरशासारखं ठेवलं होतं आणि ती त्याच्याबरोबर जवळजवळ आनंदानं फिरत होती. मोडलेली दोन झाडं वणव्याच्या धुरानं मेली असं लेनोरनं तिला सांगितलं होतं आणि विलोनं तसंच लिहून टाकलं होतं.

ऑफिसात येऊन पॅजेट खुर्चीवर बसला. "वणव्याच्या आठवड्यात इकडे वीज नव्हती ना? तेव्हा बऱ्याच ठिकाणी कॅमेरे बंद पडले. तुमचे चालू होते का, तेवढं दाखवा. मागचं फाटक चालेल."

लेनोरच्या हातातला माउस जागचा हलेना.

"आई, मी लावते," विलो म्हणाली.

"मशीन अडकतंय सकाळपासून."

"कुठे अडकतंय? सरक बघू."

पेटीची वायर लेनोरच्या पायाजवळ होती. पायानं ओढली असती तर निघाली असती. पण चित्रण नसणं हाही गुन्हाच होता, आणि तो विलोच्याच माथी बसला असता. ती सरकली. विलोनं तारीख शोधली, "हे बघा, अगदी स्वच्छ," म्हणाली, आणि पडद्यावर तिचा बाप पाठमोरा वाकून कुंडी ओढताना दिसला. मग दुसरी. मग तिसरी.

विलोचा हात माउसवरून खाली आला.

"हे कोण?" पॅजेटनं विचारलं.

"माझे वडील."

"परवान्यावर नाव असलेले?"

"हो."

"झाडं कुंपणाबाहेर चाललीयत. ह्याची नोंद माझ्याकडे नाही." त्यानं फळीवरचे कागद उलटले. "आणि दोन झाडं तुम्ही मेलेली दाखवलीयत. त्याच आठवड्यात. ह्याचा अर्थ काय होतो, तुम्हाला माहीत आहे."

विलोला माहीत होतं. ती आईकडे वळली. ह्या बाईला काहीतरी ठाऊक आहे, हे तिला आईच्या चेहऱ्यावरूनच कळलं. "आई? काय आहे हे? बोल ना!"

बिल्ल्यासमोर बोलणं लेनोरच्या अंगातच नव्हतं.

तेवढ्यात दारात ऑरिन आला. माणसांचा आवाज ऐकून आला असेल. त्यानं पॅजेटच्या कमरेचा बिल्ला पाहिला, पडदा पाहिला, बायकोचा पांढरा पडलेला चेहरा पाहिला, आणि त्याची पाठ ताठ झाली. तो आत आला आणि लेनोरच्या पुढे, तिला झाकून, उभा राहिला.

"सगळी झाडं माझी आहेत," तो म्हणाला. "मीच लावली, मीच विकणार होतो. हिला काही माहीत नाही. ही फक्त स्वयंपाक करते."

"बाबा!"

"साहेब, पोर दोन वर्षांची आहे. हिला घरी राहू द्या. मला न्या." आणि त्यानं दोन्ही मनगटं जुळवून पुढे केली.

हे बोलणं लेनोरनं एकदा ऐकलं होतं, शब्दाला शब्द हेच, ह्याच जमिनीवर. तेव्हा झाडं तिनंही लावली होती आणि विलो तिच्या कडेवर होती. ऑरिननं डोळ्यांनी तिला गप्प राहायला सांगितलं, ती गप्प राहिली, आणि ते त्याला घेऊन गेले. विलो शाळेत जायला लागली तरी तो तुरुंगातच होता. तिच्या त्या गप्प बसण्यानं घर वाचलं होतं.

पॅजेटनं पेन काढलं. "साहेब, तुमचं नाव परवान्यावर आहे. झाडं बाहेर विकायला काढली, असं तुम्ही कबूल करताय? मला हे लिहून घ्यावं लागेल."

"लिहा. मी सही करतो."

पेन कागदाला टेकलं.

"थांबा," लेनोर म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "लिहू नका. त्यानं काही विकलेलं नाही. त्याला वाटलं छापा पडलाय. हेलिकॉप्टरं आली ना वणव्याची... त्याला ते जुने दिवस वाटले. त्याचं डोकं..." ती अडखळली. ऑरिन समोरच उभा होता, पाठमोरा. त्याच्या मानेशी ती बोलत होती. "त्याचं डोकं चालत नाही आता. वसंतापासून. मला माहीत होतं. झाडं मी परत आणली, मोडलेली दोन मी फेकली. विलोला ह्यातलं काही माहीत नाही."

"वसंतापासून?" विलो म्हणाली. "आणि मला सांगितलं नाहीस?"

"त्यानं सांगू नको म्हटलं होतं."

पॅजेटनं कपाळ चोळलं. माणूस वाईट नव्हता, पण असल्या कहाण्या त्यानं पोत्यानं ऐकल्या असतील. "बाई, पकडल्यावर हे कुणीही म्हणू शकतं. झाडं परत आली असतील, पण त्यांना छापा वाटला हे मी कशावरून मानायचं?"

"पुढचं बघा," लेनोर म्हणाली. पुढे काय आहे तिला ठाऊक नव्हतं. ज्याच्याकडे बघायचा धीर तिला झाला नव्हता, त्याच्यावरच तिनं सगळं पणाला लावलं होतं.

विलोनं चित्र सुरू केलं. आवाज नव्हता, कॅमेऱ्यांना आवाज नसतोच. शेवटची कुंडी बाहेर ठेवून ऑरिन परत आला, धावत, वाकून, वर आभाळाकडे बघत. फाटकाशी त्यानं कोटाची बटणं काढली. मग गुडघ्यावर बसला आणि समोरच्या रिकाम्या जागेतून काहीतरी उचललं, दोन्ही हातांनी, अगदी जपून. ते त्यानं कोटाच्या आत घेतलं, कोट वरून ओढला आणि तो मॅद्रोनच्या बुंध्याला टेकून बसला. दोन्ही हातांचा विळखा, हनुवटी खाली, ओठ हलतायत. हेलिकॉप्टरची सावली रांगांवरून सरकत आली तेव्हा तो पुढे वाकला आणि त्यानं पाठीचं छप्पर केलं. सावली गेली. तो हळूहळू झुलत राहिला. त्याच्या मिठीत काहीही नव्हतं.

"काय करतोय तो?" विलोनं विचारलं.

"तुला धरलंय," लेनोर म्हणाली. "तू रडलीस तर त्यांना आवाज जाईल म्हणून तो तुला कोटात घेऊन बसायचा. गाणं म्हणायचा कानात."

विलोनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. चित्र चालूच होतं, पडद्यावरचा म्हातारा झुलतच होता, आणि थांबवायचं कुणाला सुचत नव्हतं. शेवटी पॅजेटनंच हात लांब करून ते बंद केलं. मग त्यानं काय लिहिणार ते सावकाश सांगितलं. झाडं हलवली आणि कळवलं नाही, त्याचा दंड होईल, कडक ताकीद मिळेल. विक्री झाल्याचं दिसत नाही, परवाना राहावा, असं तो कळवील. पण ऑरिनचं नाव परवान्यावरून काढावं लागेल. मालक म्हणून नाही, कामगार म्हणूनही नाही, त्याला कुंपणाच्या आत जाता येणार नाही.

"कधीच?" विलोनं विचारलं.

"पाहुणे म्हणून येऊ शकतात. पाहुण्याचा बिल्ला लावून, सोबत तुमच्यापैकी कुणीतरी. झाडांना हात लावायचा नाही." तो उठला. "ह्याच्यापुढे माझ्या हातात काही नाही."

एवढा वेळ ऑरिन बंद पडद्याकडे बघत होता. पुढे केलेली मनगटं कधीच खाली आली होती. आता तो लेनोरकडे वळला. त्याचे डोळे स्वच्छ होते, कित्येक दिवसांत नव्हते इतके, आणि तेच वाईट होतं.

"तू सांगितलंस," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली.

त्यानंतर तो तिच्याशी बोलेना. व्हरांड्यातल्या जुन्या सोफ्यावर झोपायला लागला. एखाद्या दिवशी त्याला राग कशाचा आहे हेही आठवत नसे, पण राग मात्र राहायचा, आणि तो तिच्यावरच आहे एवढं त्याला बरोबर कळायचं. ती ताट ठेवायची, तो ती गेल्यावर जेवायचा. विलो तिला म्हणाली, "आई, तू बरोबर केलंस." लेनोरला त्याचा काही उपयोग नव्हता. बरोबर केलं हे तिला माहीत होतं. बरोबर करूनही जे हातचं गेलं त्याचं काय करायचं, हे तिला कुणीतरी सांगायला हवं होतं. ह्यापेक्षा तो तुरुंगात होता ते दिवस बरे, असंही तिच्या मनात आलं. तेव्हा तो परत येणार होता.

शेवटची रांग कापायची राहिली होती त्या सकाळी ती पडद्यासमोर बसली होती. फाटकाच्या चौकोनात विलो कुलूप काढत होती. आणि मागून ऑरिन आला, दाढी करून, धुतलेला शर्ट घालून. त्यानं खिशातून त्याचा फोटोचा बिल्ला, मालकाचा, काढून विलोच्या हातात दिला. काहीतरी म्हणाला. विलो मान हलवत राहिली, नाही, नाही. त्यानं हात पुढे करून ठेवला. शेवटी तिनं फाटकाशेजारच्या खोक्यातून पाहुण्याचा बिल्ला काढला, पण तिला तो त्याच्या शर्टाला लावता येईना. ती रडत होती, हे लेनोरला तिच्या खांद्यांवरून कळलं. ऑरिननं तो तिच्या हातून घेतला आणि स्वतःच छातीवर लावला, खाली बघत, नीट सरळ करून.

दोघं आत गेले आणि पुढच्या चौकोनात आले. विलो अर्धं पाऊल मागे, नियमाप्रमाणे. तो रांगेतून सावकाश चालला, प्रत्येक झाडापाशी थांबत. एका झाडाची भरलेली फांदी दोरीतून निसटून वाऱ्यावर लोंबत होती. दुसऱ्या कुणाला दिसलीही नसती. तो त्या फांदीसमोर उभा राहिला. त्याचे हात पाठीमागे होते आणि कॅमेरा त्याच्या पाठीवरच होता, त्यामुळे लेनोरला सगळं दिसलं. उजवा हात पुढे जायला ओढत होता आणि डाव्या हातानं त्याचं मनगट घट्ट आवळून धरलं होतं.

ऑरिननं विलोला काहीतरी सांगितलं. विलो पुढे झाली, चुकीच्या जागी गाठ मारू लागली, त्यानं मान हलवली, तिनं सोडून पुन्हा मारली. तो सांगत होता आणि ती करत होती, आणि मागे ते मनगट तसंच होतं.

तो हात सुटेल म्हणून लेनोर बघत राहिली. रांग संपेपर्यंत तो सुटला नाही.